वाकून तग धरणाऱ्या कड्या

घुग्घुस, ८ जुलै २०२४

ती. कमळाआत्यास दिव्यानीचा सविनय जयभीम.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आमच्या प्रयोगशाळेत क्रेनच्या साखळीच्या नव्या कड्या तपासायला आल्या. कठीण आहेत, ओरखडाही उठत नाही. पण घणाचा धक्का बसला की काचेसारख्या तुटतात. आमच्या भाषेत टफ म्हणजे धक्का बसल्यावर वाकेल, पण तुटणार नाही असे. या कड्या टफ नाहीत. मी नापास लिहिले.

साहेब म्हणाले की माल अडला आहे, पास करा. वर म्हणाले, मी फारच टफ आहे. मला नोकरीत कायम करायचे की नाही, हे महिनाअखेरीस तेच ठरवणार. पण त्या साखळीखाली माणसे काम करतात. निकाल बदलणार नाही. जेवण वेळेवर होते. काळजी नसावी.

तुझी, दिव्यानी

मु. पो. मूल, १३ जुलै

चि. दिव्यानीले आत्याचा जयभीम अन् आशीर्वाद.

काळजी नसावी लिवलं, तवाच मले काळजी लागली. टफ म्हंजे का, सगळ्याईले इचारलं. शेजारची रिना म्हणे, गणिताचा पेपर टफ. लटारूभाऊ म्हणे, त्याच्या चपला टफ. आमच्या मालकानं तं सरळ माह्याकडं बोट केलं!

आमी धानाचा रोवणा करून राह्यलो. नवी पोरगी आली का तिले दोन जुन्या बायांच्या मधात ठेवतो. मागं पडली तं बाजूची बाई तिच्याबी जागी रोप लावते, बोलून दाखवत नाई. तू तिथी एकटीच काऊन उभी? संग काम करनारं कोनी असन ना? मदत मागाले लाजू नोको. निकाल बदलू नोको. नोकरी गेली तं हे घर हाये.

पोटभर जेवत जा, अन् आमची आठवन ठेव.

तुही आत्या

घुग्घुस, ३१ जुलै

ती. आत्यास सविनय जयभीम.

तुझे पत्र वाचून मी रंजीताला विचारले. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. माझ्यासोबत पुन्हा चाचणी करशील का, एवढेच म्हणाले. ती म्हणाली की किती दिवस वाट पाहत होती, पण माझा चेहरा पाहून बोलायची हिंमत होत नव्हती. कड्या पुन्हा तुटल्या. अहवालावर दोघींनी सह्या केल्या. कड्या परत गेल्या.

मला कायम केलेले नाही. उमेदवारीची मुदत सहा महिने वाढवली. ते कळल्यावर मी रंजीतासमोर रडले. तिने दार लावून घेतले आणि चहा मागवला.

पुढचे वाक्य दोनदा खोडले, तरी लिहिते. आई गेल्यापासून तू आहेस, म्हणून मी इथे उभी राहू शकले.

पत्राखाली ‘लोभ असावा’ लिहायचे मी नेहमी टाळते. आज मागते आहे. लोभ असू दे.

तुझीच, दिव्यानी