वाऱ्याचा डोळा

३ मार्च
सरांनी ‘विंडो’ तिला दिला! शब्दांची कुळं हुडकता हुडकता माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, आणि कोशाच्या नमुना पानावरचा शब्द कालच्या पोरीला. सर निवृत्त झाले की व्युत्पत्तीचं टेबल कुणाला, हे कोशाचं मंडळ त्याच पानावरून ठरवणार. 

४ मार्च
तिला हा शब्द मुळात सांगितला कुणी? मीच! रुजू झाली त्या दिवशी, खिडकीशी चहा घेताना. म्हटलं, हा जोडशब्द आहे — आधी वारा, मागून डोळा. डोळा झिजून झिजून नुसता ‘ओ’ उरला. तेव्हा काचा कुठल्या, छपराला भोक असायचं, वारा आत यायचा. ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. आता सर तिचं तसं ऐकतात.

५ मार्च
जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं. बरं काही वाटलं नाही.

७ मार्च
तिचं टिपण तपासायला माझ्याकडेच आलं. आमच्याकडे एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासून बरोबरची खूण करायची, की थेट छपाईला. नाव छापतात ते लिहिणाऱ्याचं, तपासणाऱ्याचं कुणी विचारत नाही.

टिपण सुरेख आहे, हेच तर दुखणं. पण एक घोडचूक! शब्द मूळचा इंग्रजांचाच म्हणून ठोकून दिलाय. अगं बाई, तो समुद्रापलीकडून आला, नॉर्स बोलणाऱ्या व्हायकिंगांबरोबर. इंग्रजांचा स्वतःचा शब्द निराळा होता — ‘डोळ्याचं भोक’ अशा अर्थाचा. ह्यानं त्याला हुसकावलं. मंडळातले म्हातारे पहिल्याच ओळीला पकडतील.

लाल पेन उचललं. खाली ठेवलं. मग खूण केली — बरोबरची.

८ मार्च
“ताई, काही चुकलं नाही ना?” विचारत होती. छान झालंय म्हटलं. खूश होऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली. सगळा प्यायले.

१२ मार्च
पान छापून मंडळाकडे गेलं. टिपणाखाली नाव माझं, एकटीचं. तिनंच सरांना गळ घालून बदलून घेतलं म्हणे. सर कौतुकानं तिचे शब्द सांगत होते — “शब्द ताईंनी दिला, मी नुसता लिहून काढला. टेबल त्यांनाच मिळू दे.”