कवेलू न फेरलेली कचेरी

बाबूजी, तुमची कचेरी कायद्याने वाचली आणि कायद्यानेच पडली. मला त्या कायद्याची, तो राबवणाऱ्यांची आणि त्यांतली एक म्हणून माझीही किळस आली आहे.

तुम्ही त्या जुन्या तहसील कचेरीत शिपाई. मृग लागायच्या आधीचा एक रविवार ठरलेला. तुम्ही छपरावर चढून कौलं फेरता, फुटलेलं कवेलू काढता, सरकलेलं बसवता, आणि मी खालून नवं कवेलू देते. हुकूम कोणाचाच नाही. एकदा मी हौसेने वर आले, पाय कवेलूवर मधोमध ठेवला, तसे तुम्ही ओरडलात, "वाशावर पाय ठेव ना वो पोरी! छप्पर सरकारचं हाये, पन पानी का सरकारले भेते?"

तुम्ही गेल्यावर ती कचेरी पाडून दुकानांचे गाळे काढायचं ठरलं, तेव्हा तालुक्यातच कारकून असलेल्या मी संरक्षित स्मारकाचा प्रस्ताव लिहिला. हरकतींची मुदत संपली, राजपत्रात कचेरीचं नाव छापून आलं. मी पेढे वाटले. मग निळा फलक लागला: परवानगीशिवाय हात लावल्यास शिक्षा. साहेबलोक आले, फलकासमोर फोटो काढले, आणि एकाने तोंडातला खर्रा तुमच्या स्टुलामागच्या भिंतीवर थुंकला. थुंकायला परवानगी लागत नाही.

पुढच्या मृगाआधी तुमचे जोडीदार, ते निवृत्त शिपाई काका, शिडी लावून चढले. मी धावत गेले.

"काका, उतरा. तक्रार आली आहे, गुन्हा दाखल होईल."

"काऊन वो बाई? तुहा बाप त दरसाली फेरत होता."

"आता परवानगी लागते."

"मंग पान्याले बी सांग, परवानगी घेऊन ये म्हनून."

शिडी खांद्यावर टाकून ते गेले. मी अर्ज केला. फाईल गोंदियाला गेली, तिथून नागपूरला, आणि शेरा घेऊन परत आली: कवेलूचा मूळ नमुना जोडावा. नमुना काढायलाही परवानगी हवी होती. तीन पावसाळे पाणी आत पडलं. वासे कुजले आणि गेल्या श्रावणात रेकॉर्डखोलीसकट अर्धं छप्पर बसलं. परवानगी परवा आली. फलक मात्र अजून कोरा करकरीत आहे, त्याला दरवर्षी रंग देतात.

हे पत्र मी तुमच्या फोटोमागेसुद्धा ठेवणार नाही, घरात वाचणारे आहेत. काका आता रस्त्यात दिसले तरी मान वळवतात, आणि त्यांना खरं सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. तक्रार कोणीच केली नव्हती, बाबूजी. माझ्या बढतीचा कागद तेव्हा साहेबांच्या टेबलावर होता. रविवार होता, कचेरीत चिटपाखरू नव्हतं, आणि मला फक्त शिडी धरायची होती.