कोंबडीचं ऑफिस सातला उघडतं

आई, समुद्रातल्या एका लांबच्या बेटावरून आम्ही आणलेले पक्ष्यांचे नमुने तपासून आले. एकातही रोग नाही! ऑफिसात सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मला मात्र आपली कासारवाडीची गल्ली आठवली.

मी लहान असताना एका उन्हाळ्यात मानमोडी आली आणि आठ दिवसांत गल्लीतल्या कोंबड्या माना वाकड्या करून मेल्या. बायकांनी नेहमीसारख्या त्या पवना नदीला सोडल्या. मग पवनेतल्या बेटावर पाणकावळेही तसेच पडलेले तू पाहिलेस. "आपुनच धाडला गं त्यांना रोग," म्हणालीस आणि त्या दिवशी जेवली नाहीस. पुढच्या वर्षी नवी पिल्लं मोठी झाली तशी तू गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांमागे लसीसाठी भुणभुण लावलीस.

डॉक्टरसाहेब आले ते भर दुपारी, थर्मासात बर्फावर लस घेऊन. कोंबड्या पत्र्यावर, साहेब खाली घामाघूम, आणि गल्ली हसून लोटपोट. तू तेवढी कमरेवर हात ठेवून उभी.

"सायेब, दिवसा कोंबडी कुनाची न्हाई. दिस मावळला की आपसूक खुराड्यात येती. तवा या."

"माझं ऑफिस पाचला बंद होतं, बाई."

"कोंबडीचं सातला उघडतंय."

आणि आले ना गं ते! तू खुराड्यात हात घालून एकेक कोंबडी काढतेस, साहेब पंखाखाली टोचतात, मी मोजते. घरोघर तेच. "झाल्या समद्या?" तू विचारतेस. "व्हय," मी म्हणते.

उन्हाळ्यात रोग पलीकडच्या आळीपर्यंत आला. तिथं जाऊन, भांडून, तू मेलेल्या कोंबड्या चुना घालून पुरायला लावल्यास. आपल्या गल्लीत एकीचीही मान वाकली नाही. बेटावरच्या बाभळीवर पाणकावळे पंख पसरून बसलेले, आणि तू काठावरून ओरडतेस, "बगा, हायेत समदे!" त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला की मीही ओरडत सुटले.

मग वर्षभर तू सांगत फिरलीस, "एक बी सुटली न्हाई."

एक सुटली होती, आई. माझी तांबडी. सुई दुखेल म्हणून मी तिला परसातल्या टोपलीखाली झाकली होती. ती जगली, कारण तिच्या भोवतालच्या सगळ्या तू टोचून घेतल्या होत्यास. हे मला पुढं शिकल्यावर कळलं, आणि आता तेच मी लोकांना शिकवते.

तू आता नाहीस, हे पत्र कुठे जायचं नाही. तरी तांबडीचं लिहिताना मी एकदा दाराकडे पाहून घेतलं.