मटारच्या खालची बातमी

आई,
तुझ्या पाया पडते आणि आधीच सांगते, माझं उत्तम चाललंय.

आमच्या सहकारी दुकानात मटार आलेत, गाजरंही लालबुंद आहेत. दारातला फळा अजून मीच लिहिते. वर ताजा माल, खाली सभासदांच्या बातम्या. परवा शिंप्याच्या सुनेला मुलगी झाली, तेही लिहिलं. दुपारपर्यंत तिच्याकडे सहा घरांतून डबे पोचले.

अध्यक्षांना हे खपत नाही. "हे दुकान आहे की चावडी? निम्मा फळा पुसा," म्हणाले. मी निम्मा पुसला, पण वरचा. भाजी काय, समोर दिसतेच. तेव्हा त्यांनी सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

तू म्हणशील, जरा नमतं घे. पण शेजारच्या आजी आठ दिवस तापाने फणफणत होत्या आणि भिंतीला भिंत असून आपल्याला पत्ता नव्हता, हे अजून डोळे पुसत कोण सांगतं?

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना? मला झोप लागते. म्हणजे, लागेल.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. सांगितलंसच, तर आज वर पुन्हा मटार लिहून त्यांच्या खाली मी काय लिहून आले तेही सांग: "फळा लिहिणाऱ्या बाईला अध्यक्षांनी सोमवारपासून काढलं आहे. बाई सोमवारी नऊ वाजता खडू घेऊन हजर असेल."

तुझ्याच वळणावर गेलेली,
धाकटी