झाकण लावलेल्या पेशी

४ मार्च, सोमवार. सकाळी ८.
आजपासून शिस्त. गाइड मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी निकाल दाखवा, नाहीतर प्रकल्प बंद. पीएच.डी.ची पाच वर्षं आणि हातात चार दिवस. भरपूर झाले. मी प्रेशरमध्येच खुलतो.

प्रयोग सोपा आहे. पेशीतला डीएनए रिळावरच्या दोऱ्यासारखा प्रथिनांवर घट्ट गुंडाळलेला असतो. त्याला इजा झाली की आधी गुंडाळी सैल पडावी लागते, तरच दुरुस्ती करणारी प्रथिनं आत शिरतात. माझं औषध गुंडाळी सैल ठेवतं, म्हणजे दुरुस्ती झटपट व्हायला हवी. तीन वर्षांत एकदाही झालेली नाही.

५ मार्च. दुपारी.
पेशींच्या बशा डाव्या हाताने धरल्या, उजव्या हातात डीएनएला इजा करणारा यूव्ही दिवा. टेक्निशियन बाईंनी विचारलं, झाकणं काढणार ना? मी सुनावलं, वरून जंतू पडले तर तुम्ही निस्तरणार का? वीस वर्षं नोकरी केली म्हणून ज्ञान येत नाही.

संध्याकाळी.
डावं मनगट चुरचुरतंय. लॅबने साबण बदललेला दिसतो. लेखी तक्रार दिली.

६ मार्च.
जिंकलो. औषध दिलेल्या पेशींत इजा शून्य. दहा मिनिटांत दुरुस्ती फत्ते. बायकोला फोन केला. ती म्हणाली, मनगटाला काहीतरी लाव आधी. या घरात विज्ञानाला किंमत नाही.

औषध न दिलेल्या पेशींतही इजा शून्य. हे जरा नडतंय. शेजारी ठेवल्याने औषध लागलं असणार. त्या पेशींचा फोटो बाजूला ठेवला.

७ मार्च.
स्लाइड्स तयार. अठ्ठावीस. त्यातल्या चार आभाराच्या. टेक्निशियन बाईंना वगळलं. मनगटाचे पापुद्रे निघतायत, काही लावलं नाही. वेळ कुणाला आहे?

८ मार्च, शुक्रवार.
मॅडमनी विचारलं, औषध न दिलेल्या पेशी कुठे आहेत? दाखवल्या. मग विचारलं, झाकण काढलं होतं का?
यूव्ही प्रकाश झाकणाच्या प्लास्टिकमधून जातच नाही म्हणे. पेशींना काही झालंच नव्हतं, दुरुस्ती कसली डोंबलाची. टेक्निशियन बाई पुढच्याच खुर्चीत होत्या. हसल्या नाहीत. ते जास्त लागलं.
प्रकल्प बंद. घरी येऊन रडलो. बायको शेजारी बसून राहिली.

११ मार्च.
टेक्निशियन बाईंची माफी मागितली. त्यांनी मनगट बघितलं आणि विचारलं, दिव्याखाली हात उघडाच होता वाटतं? मी साबणाची तक्रार मागे घेतली.
पापुद्र्यांखाली नवी गुलाबी कातडी आली आहे. पाच वर्षांत माझ्या हातून इजा होऊन दुरुस्त झालेला डीएनए तेवढाच. तोही औषधाशिवाय.