पिवळी तार, निळी तार

१८ एप्रिल १९८३, सोमवार

सही केली नाही! शेडमधून पॅनल बाहेर पडायला टेस्टच्या कागदावर माझी सही लागते, पण आज केली नाही.

नीट लिहिते. काल कवडूभाऊंच्या चक्कीवर दळण घेऊन गेले होते. मधेच मोटर घुमायला लागली, पट्टा मंदावला. कवडूभाऊ पिठाच्या हातांनीच धावले, खटका पाडला. भिंतीवर त्यांनी तीन बल्ब लावलेत, लाइटच्या तीन तारांचे तीन. मधला विझलेला. "एक तार गेली वं ताराबाई. ध्यान नाही ठेवलं तं मोटर जळून जाते!"

घरी येईपर्यंत एकच विचार – आमच्या शेडमध्ये बनतं ते जनरेटरचं पॅनल पाहतं का तिन्ही तारा? त्याचं कामच ते. लाइट गेली की ओळखायचं आणि जनरेटरचं इंजिन आपणहून सुरू करायचं. आम्ही टेस्ट करतो ती मेन स्विच पाडून. तेव्हा तिन्ही तारा एकदम जातात.

आज नरखेडच्या प्रसूतिगृहाचं पॅनल टेस्टला होतं. स्विच पाडला नाही, एकेका तारेचा फ्यूज काढला. लाल तारेचा काढला – इंजिन सुरू. पिवळा काढला – गप्प. निळा – गप्प! पॅनलमधलं आमचं कार्ड फक्त लाल तारेला विचारतं. बाकीच्या दोन मेल्या काय, जगल्या काय!

१९ एप्रिल

कृष्णकांतभाऊंना दाखवलं. त्यांचीच शेड, त्यांचंच डिझाइन. मी उभी, ते खुर्चीत, चष्मा कपाळावर.

"स्विच पाडला की इंजिन येतं ना?"

"येतं. पण पिवळी एकटी गेली तर –"

"शनिवारी ट्रक लागणार आहे. फालतू डोकं लावू नकोस. सही कर."

"दोन दिवसांत होईल, भाऊ. कार्डावर बाकीच्या दोन तारा जोडायला जागा आहे."

"तू शिकवणार मला डिझाइन?"

शेडमधले सगळे ऐकत होते. कान गरम झाले. जागेवर येऊन टेस्टचा कागद भरला. लाल – पास. पिवळी – नापास. निळी – नापास. खाली सही, पूर्ण नावानं.

त्यांनी फाडला.

२० एप्रिल

दुसरा भरला. कार्बन घालून, एक प्रत माझ्याकडे!

२१ एप्रिल

नत्थूजी फिटर डब्याच्या वेळी म्हणाले, "काहून वं तारा, जेवून नाही राहिली? मालकाले भेली का?" म्हटलं, भ्याले. "मंग भे. भेऊन भेऊन कागद तं बरोबर लिहिला ना?" आणि ठेच्यातला अर्धा माझ्या पोळीवर ठेवला. फार तिखट. डोळ्यांतलं पाणी त्यावर खपून गेलं.

घरी वेगळंच. कृष्णकांतभाऊ दुपारी अण्णांना भेटून गेले होते म्हणे. सातवीपर्यंत माझी शाळा म्हणजे अण्णा आणि त्यांचं रेडिओदुरुस्तीचं टेबल. मीटर दाखवेल तेच लिहायचं, आपल्याला हवं ते नाही – हे मला त्याच टेबलावर कळलं. तेच अण्णा आज बाप म्हणून सांगतात, "मुलगी असून त्यानं तुला टेस्टिंगला घेतलं. एका सहीनं काय बिघडतं?"

"मीटरनं दाखवलं तेच लिहिलंय, अण्णा."

अण्णांनी रेडिओ मोठा केला. शेतीचा कार्यक्रम. आमच्याकडे गॅलरीत दोन कुंड्या!

मी चुकत तर नाही? चार वेळा फ्यूज काढून पाहिलाय. उद्या पाचव्यांदा पाहीन.

२२ एप्रिल

पाहिलं. पाचव्यांदाही गप्प.

२३ एप्रिल, शनिवार

ट्रक दारात. भाऊंनी टेस्टचा नवा कागद 'पास' भरून त्यावर स्वतः सही केली. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात नरखेडच्या डॉक्टर कुसुमताई स्वतःच आल्या. नागपुरात औषधं घ्यायला आल्या होत्या, म्हणाल्या, चालू झालेलं बघूनच नेते. भाऊंनी ऐटीत स्विच पाडला. चौदा सेकंदांत इंजिन! त्या खूश. भाऊ त्यांच्याहून खूश.

मी पुढे झाले. म्हटलं, "बाई, अजून एक बघा." आणि पिवळा फ्यूज उपसला.

अर्धं मिनिट. एक मिनिट. इंजिन नाही.

"तारा!" भाऊ ओरडले. पण कुसुमताईंनी हात वर केला. "म्हणजे एकच तार गेली, तर हे सुरू होणार नाही?"

"लाल गेली तरच होईल."

"आणि माझ्या ऑपरेशनच्या खोलीतला दिवा कोणत्या तारेवर आहे?"

मागून नत्थूजी म्हणाले, "ते इथं बसून कोणाले सांगता येईन, बाई?"

कुसुमताईंनी पर्स काखोटीला मारली. "हिनं सही केली की कळवा. हिनं." भाऊंकडे पाहिलंसुद्धा नाही.

ट्रक रिकामा गेला. भाऊ म्हणाले, "सोमवारपर्यंत करून दे तुझं ते." तुझं ते! करते की माझं ते!

२५ एप्रिल

केलं. लाल – पास. पिवळी – पास. निळी – पास. तीन-तीन वेळा. सही केली, मोठी. नत्थूजी म्हणाले, "आता जेव." अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "कार्डाचा नकाशा दाखव." अर्धा तास पाहत बसले.

२६ एप्रिल

आज रजिस्टर काढलं. नरखेडच्या आधी नऊ पॅनल गेलेत. नऊही दवाखान्यांत. नऊही मी स्विच पाडून पास केलेत, नऊंवर सही माझी.

भाऊंना म्हटलं, जाऊन नऊही नीट करून येते. भाऊ म्हणाले, "कुणाची तक्रार आहे का? मग गप्प राहा. गेलीस तर परत येऊ नकोस."

सर्वांत जुनं उमरेडचं. उद्या सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघते.