चार नंबर कोणाचा

३ सप्टेंबर
आणि वरून आमचे मुनीम खुशालरावच म्हणतात, कॉम्प्युटरच्या नंबरले तू हात लावू नको. टेम्पररी लागलो तेव्हापासून, दोन महिने, हेच. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरले एक नंबर लागते, तेव्हाच तो बाकीच्यांशी बोलते. एकच नंबर दोघांले गेला तर दोघंही अडकतात. एवढी साधी गोष्ट. पण खुशालराव हे नंबर लाल वहीत लिहितात आणि हातानं टाकतात. तेही मानाप्रमाणे. शेठ एक नंबर, खुद्द खुशालराव दोन, कॅशवाल्या केशरबाई तीन. जग कुठं गेलं, आणि अकोल्यातली आमची दालमिल वही उघडून बसली आहे.

४ सप्टेंबर
चंद्रभानशेठले भेटलो. म्हणलं, नंबर आपोआप वाटले जातील असं करून देतो. शेठ म्हणे, पंधरा तारखेपर्यंत नीट चालवून दाखव, तुले पक्का करतो. इथं पक्क्या माणसालेच ॲडव्हान्स भेटते.
बहिणीले लगेच फोन लावला. भावनाले अमरावतीत नर्सिंगची सीट लागली आहे. फीची शेवटची तारीख पंधराच. बारा हजार कमी पडतात. म्हणलं, माह्यावर सोड. ती म्हणे, दादा, नक्की ना? म्हणलं, लिहून देऊ काय?
आठवी नापास माणूस नेटवर्क बसवते. गावाकडं धारणीत कोणाले खरं वाटणार नाही.

७ सप्टेंबर
राऊटर बसवाचा व्हिडिओ पाहिला. एकोणीस मिनिटांचा. बारा मिनिटांतच समजला, बाकी पाहाची गरज वाटली नाही.
खुशालरावांनी आपणहून वही पुढं केली. म्हणे, एकदा वाचून घे बाबू. म्हणलं, राहू द्या. ज्याले आपोआप कराचं आहे त्यानं वही वाचणं म्हणजे हारणं.
ठराव: वही उघडाची नाही.

१० सप्टेंबर, सकाळी ७
कोणी येण्याआधी राऊटर लावला. ऑफिसातले सतरा कॉम्प्युटर त्याच्यावर टाकले. आता नंबर तोच वाटणार.

दुपारी १
सगळं चालू. पण केशरबाईनं स्वतःचा नंबर पाहून घेतला. एकशे चौदा. बिलावरची नवी पोरगी आरती, तिले एकशे दोन. बाई म्हणे, बावीस वर्षं तीन नंबरवर हावो मी, अन् आता या कालच्या पोरीच्या मांगं काय? समजावलं, याचा मानाशी संबंध नाही. बाई म्हणे, मंग जा, शेठले सांगून ये का तुमी एकशे नऊ.
कॅश बंद करून बसल्या.

११ सप्टेंबर
तोड काढली. नंबर एकपासून सुरू केले. रोज सकाळी राऊटर बंद करून चालू कराचा, मग मानाप्रमाणे एकेक कॉम्प्युटर. पहिले शेठचा, मग खुशालरावांचा, मग केशरबाईचा. बाईनं डोळ्यानं पाहिला, तीन. पेढा दिला. आरती लवकर येते म्हणून तिले चार. सगळे खुश.
भावनाले कळवलं, काम झालंच समज. कॉलेजात सांगून येते म्हणे, पैसे येऊन राहिले.

१२ सप्टेंबर, सकाळी ११
गेटवरचा वजनकाटा बिघडला. काल ट्रक नव्हते, आज तुरीच्या ट्रकचं वजन ऑफिसात येऊनच नाही राहिलं. सहा ट्रक उभे. माहा संबंध नाही. गेटच्या कॉम्प्युटरले मी हातही लावला नाही.

दुपारी १
चौदा ट्रक. काट्यावर बुधाजी बसतात. ते म्हणे, दहा मिनिटं येते, दहा मिनिटं जाते, रुसल्यावाणी करून राहिलं. उंदीर असणार. केबल बदलली.

३ वाजता
बावीस ट्रक. रांग रोडवर गेली. ड्रायव्हर ऑफिसात घुसले. एक म्हणे, काहून बे, मुक्काम करवता काय? शेठचा आवाज बसला. दुसरी केबल बदलली. उंदीरच.

४ वाजता
खुशालरावांनी वही माह्यापुढं उघडी ठेवली. चौथ्या ओळीवर बोट. वजनकाटा, गेट.
काट्याचा हातानं टाकलेला चार नंबर गेटवर तसाच होता, आणि मी तोच आरतीले वाटला. खुशालराव म्हणे, सगळ्याइची भाकर त्या काट्यावर हाये, म्हणून त्याले चार देल्ला होता. राऊटर काढून माह्या हातात ठेवला. पंधरा मिनिटांत काटा चालू.

१३ सप्टेंबर
व्हिडिओची उरलेली सात मिनिटं पाहिली. त्यात हेच होतं, हातानं टाकलेले नंबर आधी बाजूले काढा. त्यानं हे आधी सांगाले पाहिजे. चूक त्याची.

१४ सप्टेंबर
शेठ म्हणे, पक्क्याचं दिवाळीनंतर पाहू. चिडले नाहीत, तेच वाईट. ॲडव्हान्सचं काढलं तर त्यांनी फोन उचलला. वाजला नव्हता.
भावनाले सांगतलं, बँकेचं सर्व्हर डाऊन आहे. ती म्हणे, दादा, उद्या पाच वाजेपर्यंतच. अर्धे भरले तरी क्लार्क बाकीच्यासाठी थांबतो म्हणते. म्हणलं, अर्धे काहून, पूर्ण बारा घे.

१५ सप्टेंबर, दुपारी साडेचार
बुधाजीले पैसे मागून पाहिले. केशरबाईले मागून पाहिले. बाई म्हणे, कॅश शेठची आहे, माही नाही.
भावनाचे सात मिस कॉल. आठवा उचलला. कॉलेजच्या खिडकीपाशी उभी आहे. एवढंच विचारलं, बँक चालू झाली काय? म्हणलं, झाली.
पाठवून राहिलो: अकराशे पन्नास.